जोतिबाआप्पांचे सतरा स्कॅन

जोतिबाआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कागदावरून हटून बसले होते. संमतीपत्र कन्नडमध्ये आणि इंग्रजीत छापलेलं होतं आणि ते म्हणत होते, "मला समजंल असं काय तरी द्या, मग सही करतो. न्हायतर न्हाय."

मी तेव्हा बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होते. आठवड्यातले दोन दिवस शहराबाहेरच्या एका दवाखान्यात सिटी स्कॅनच्या खोलीशेजारी बसायचं, आलेल्या माणसांना माझ्या अभ्यासाबद्दल सांगायचं, आणि त्यांची तयारी असेल तर नाव-गाव काढून टाकून त्यांच्या स्कॅनचा डेटा घ्यायचा, हे माझं काम. त्या दिवशी मी तोच कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सगळा मजकूर मराठीत लिहून दिला. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मध्येच एका शब्दावर बोट ठेवून थांबले.

"ह्ये किरण किती जातंय अंगात?"

"एका स्कॅनला फार नाही आप्पा. पण परत परत केलं की धोका वाढत जातो."

"माझा ह्यो चौथा हाय."

जोतिबाआप्पा वडगावचे विणकर. वय अठ्ठावन्न. घरातच दोन पॉवरलूम आणि त्यावर साड्या. दोनेक वर्षांपासून त्यांची फुप्फुसं खालच्या बाजूनं घट्ट होत चालली होती. कशामुळे, ते कुणीच ठामपणे सांगितलं नव्हतं. दुखणं किती पुढं सरकलं ते बघायला दर सहा महिन्यांनी स्कॅन करावा लागे.

मी त्यांना सांगितलं, की माझा अभ्यास त्यासाठीच आहे. किरण कमी सोडले तर चित्र खराब येतं, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे कण सगळीकडे दिसतात. ते कण काढून चित्र स्वच्छ करणारा प्रोग्राम मी लिहितेय. तो जमला, की नेहमीच्या दहाव्या हिश्शाच्या किरणांत काम भागेल.

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मग म्हणाले, "पण त्यानं पुसलं ते कण हुतं, का आत खरंच काय तरी बारीक हुतं, ह्ये त्याला कसं कळायचं?"

दोन वर्षांत तीन परिषदांमध्ये मी हा विषय मांडला होता. इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"एकाच माणसाची दोन चित्रं लागतात," मी म्हणाले. "एक भरपूर किरणांचं, एक कमी किरणांचं. दोन्ही शेजारी ठेवली की काय पुसलं गेलं ते कळतं."

"मग हायत न्हवं तशी?"

"नाहीत. नुसत्या अभ्यासासाठी जिवंत माणसाला जादा किरण कसे द्यायचे? मी चांगल्या चित्रात कॉम्प्युटरनं खोटे कण मिसळते आणि प्रोग्रामला ते काढायला शिकवते."

"खोट्या डागावर धुणं शिकवालाईस म्हण की," असं म्हणून ते हसले, हसता हसता खोकले, आणि त्यांनी सही केली.

सहा महिन्यांनी ते परत आले तेव्हा नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि सोबत मुलगा होता, मंथन. मंथन सिलिंडर ओढत मागून येत होता. आप्पा माझ्यासमोर बसले, दम शांत होईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "पोरी, मी इचार केला. जित्या माणसाला जादा देता येत न्हाय म्हणालतीस न्हवं? मग मेल्यावर घे की माझं. किती पाहिजे तितकं घे."

मी मंथनकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"आप्पा, असं काय बोलताय," मी म्हणाले.

"बोलू नको तर काय करू? डॉक्टरनी सांगितलंय मला, वरीस काढलं तर लई झालं. आमच्या गल्लीत माझ्यासारखी खोकणारी आणि चारजण हायत. त्यांना बी ह्या मशिनीत घालणार तुम्ही. तुझा प्रोग्राम खरा हाय का खोटा, एकदा बघून तरी घे."

मी हे डॉ. प्रमोदिनींना सांगितलं. त्या दवाखान्यातल्या क्ष-किरण विभागाच्या प्रमुख आणि माझ्या सहमार्गदर्शक. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आप्पांशी तासभर बोलल्या. मग अर्ज गेला नैतिकता समितीकडे. समितीनं पाच महिने घेतले. परवानगी आली ती तीन अटींवर. आप्पांची लेखी इच्छा हवी आणि पत्नीची लेखी संमतीही. शिवाय मृत्यूनंतर सहा-सात तासांत सगळं आटपायचं, कारण त्यानंतर फुप्फुसात पाणी साठत जातं आणि चित्राचा उपयोग राहत नाही.

आप्पांनी लगेच सही केली. त्यांच्या पत्नीची सही घ्यायला मी वडगावला गेले.

अंजनीमावशी मागाजवळ बसून काठाचे सुटलेले धागे कापत होत्या. मला बघून मंथननं माग बंद केला, आणि एकदम इतकी शांतता झाली की आतल्या खोलीतल्या ऑक्सिजनच्या मशीनचा घरघर आवाज ऐकू यायला लागला. मी कागद वाचून दाखवला. मावशींनी पूर्ण ऐकला. कात्री बाजूला ठेवली.

"त्यांचं त्यांनी ठरवलंय. मी न्हाय म्हणणार न्हाय," त्या म्हणाल्या. "पण मी आता सही बी करणार न्हाय. त्ये आत बसल्यात, मला हाका मारालेत, आणि मी त्यांच्या माघारीच्या कागदावर सही करू व्हय? त्या दिवशी येऊन इचारा मला."

"मावशी, त्या दिवशी तुम्हाला..."

"त्या दिवशीच इचारा."

मी परत आले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी जाणारच नव्हते. नवरा गेलेल्या बाईच्या दारात जाऊन कागद पुढे करायला माझे पाय धजले नसते, हे मला माहीत होतं. शिवाय माझं काम तसंही चांगलं चाललं होतं. खोट्या कणांवर शिकलेला प्रोग्राम सगळ्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होता. एका नामांकित नियतकालिकाकडे मी शोधनिबंध पाठवून दिला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला मंथनचा फोन आला.

"आप्पा गेले. साडेसातला. घरीच," तो म्हणाला. आणि मग, "आईनं सांगितलं तुम्हाला कळवायला."

मावशींनीच कळवायला सांगितलं म्हटल्यावर टाळता येईना; मी डॉ. प्रमोदिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी गाडी काढते. तुला टिळकवाडीतून उचलते. पण विचारायचं तू. तुझ्याशी बोलले होते ते."

गल्लीतले सगळे माग बंद होते. ओसरीवर माणसं बसली होती. आप्पांना आतल्या खोलीत निजवलं होतं, आणि अंजनीमावशी त्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या. मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात आप्पांचे थोरले भाऊ भरमूअण्णा उठून आले. मंथननं त्यांना सकाळीच सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"कशाला आलाईसा?" ते म्हणाले. "तीन वर्सं त्याचं फोटोच काढलासा न्हवं? बरं केलासा काय त्याला? आता मेल्यावर बी फोटो?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. डॉ. प्रमोदिनी माझ्या मागे उभ्या होत्या.

"अण्णा, तिला आत येऊ द्या," अंजनीमावशी आतून म्हणाल्या.

मी आत जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आप्पांच्या नाकावर नळीचा वळ अजून दिसत होता. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगितलं होतं म्हणून विचारायला आले. तुम्ही नको म्हणालात तर मी इथंच थोडा वेळ बसते आणि जाते."

"फाडणार न्हाय न्हवं?"

"नाही. सुईसुद्धा टोचणार नाही. फक्त टेबलावर ठेवायचं."

"अंगावरची कापडं?"

"तशीच राहतील."

"जवळ कोण असणार?"

"मी असेन."

त्यांनी आप्पांच्या कपाळावरून एकदा हात फिरवला. "मी बी येणार," त्या म्हणाल्या. "आणि दोन वाजायच्या आत त्यांना घरी आणायचं. निपाणीसनं नणंद यायलीय, तिला तोंड बघू द्यायला पाहिजे." मग त्यांनी कागद मागितला, आणि मंथनच्या पाठीवर ठेवून सही केली.

दवाखान्याची ॲम्ब्युलन्स आली आणि स्ट्रेचर उचलायची वेळ झाली तेव्हा डोक्याकडची बाजू भरमूअण्णांनी धरली, आणि ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

रविवार असल्यामुळे स्कॅनची खोली रिकामी होती. मशीन चालवायला युवराज होता, दहा वर्षं तिथंच काम केलेला टेक्निशियन. त्यानं बाहेर चप्पल काढली आणि आत आला. एरवी तो असं करत नसे. आप्पांना टेबलावर ठेवलं. मावशी, भरमूअण्णा, मंथन आणि आम्ही काचेच्या अलीकडे उभे राहिलो.

युवराजनं बटण दाबलं. टेबल आत सरकलं, आणि खोलीतल्या स्पीकरमधून मशीनचा नेहमीचा ध्वनिमुद्रित बाईचा आवाज आला, "उसिरु हिडिदुकोळ्ळी." श्वास रोखून धरा.

प्रत्येक छातीच्या स्कॅनला तो आवाज आपोआप लागतो. तो बंद करायचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. युवराजचा हात बटणावर तसाच राहिला. मंथन भिंतीकडे वळला.

अंजनीमावशी काचेतून आत बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "धरलाय की."

युवराजनं आवाज बंद केला आणि आम्ही कामाला लागलो.

सतरा स्कॅन ठरले होते. पहिले नेहमीच्या चौपट किरणांचे, मग उतरत उतरत अगदी विसाव्या हिश्शापर्यंत. जादा किरणांच्या प्रत्येक स्कॅननंतर मशीनची ट्यूब गार व्हायला वेळ द्यावा लागत होता. त्या वेळात मी आत जाऊन आप्पांजवळ उभी राहत होते, कारण तसं सांगितलं होतं मी.

बारा स्कॅन झाले आणि खालून फोन आला. संकेश्वरजवळ हायवेवर अपघात झाला होता, डोक्याला मार लागलेल्या एका बाईला आणलं होतं, आणि मशीन ताबडतोब हवं होतं. डॉ. प्रमोदिनींनी मावशींकडे बघितलं. त्यांनी काही विचारायच्या आतच मावशी म्हणाल्या, "जित्याला आधी घ्या."

आप्पांना शेजारच्या खोलीत नेलं. मावशी एका स्टुलावर बसल्या, त्यांचा हात आप्पांच्या हातावर होता. त्या बाईचा स्कॅन व्हायला, टेबल पुसायला, सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं गेली. दोन वाजायला आले. भरमूअण्णांचा फोन सारखा वाजत होता. निपाणीची बहीण घरी पोचली होती आणि रडत होती.

मी त्यांच्याकडे गेले. "अण्णा, झालं तेवढं पुरे. आपण आप्पांना घरी नेऊया."

"किती राहिलंय?"

"पाच. पण कमी किरणांचे, लवकर होतात."

त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. "घ्या मग. अर्धं इणलेलं मागावरनं कोण उतरवतंय काय."

पावणेतीनला आप्पा घरी पोचले. संध्याकाळी त्यांचं सगळं झालं. मी स्मशानापर्यंत गेले नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.

पुढचे तीन आठवडे मला ती चित्रं उघडता आली नाहीत. उघडली तेव्हा मी सगळ्यात कमी किरणांचा स्कॅन प्रोग्रामला दिला. बाहेर आलेलं चित्र इतकं सुरेख होतं, की मी खुर्चीत मागे टेकून बसले. एकही कण नाही. कडा ठळक. मग शेजारी चौपट किरणांचं चित्र लावलं.

आप्पांच्या फुप्फुसांच्या तळाशी बारीक बारीक रेघांचं जाळं होतं. त्यांचं दुखणं ते तेच, त्यानंच त्यांचा जीव घेतला होता. माझ्या चित्रात त्यातलं निम्मं जाळं नव्हतं. प्रोग्रामनं ते कण समजून पुसलं होतं आणि त्या जागी जवळजवळ निरोगी फुप्फुस रंगवलं होतं. ज्या रोगानं माणूस गेला, तो रोग माझ्या प्रोग्रामनं बरा करून टाकला होता.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. विसाव्या हिश्शाला तसंच, दहाव्या हिश्शालाही तसंच. आठव्याला थोडं कमी. खोटे कण मी मिसळत होते ते चित्रभर एकसारखे होते. खरे कण तसे नसतात. दाट भागाआडून आलेले कण लांबट, रेघांसारखे असतात, आणि आप्पांच्या आजाराच्या खुणाही रेघांसारख्याच. प्रोग्रामला दोन्हींतला फरक कुणी शिकवलाच नव्हता.

मी डॉ. प्रमोदिनींना दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं. "ह्या डाव्या चित्रावरून मी रिपोर्ट लिहिला असता तर 'सुधारणा आहे' असं लिहिलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि त्यांची औषधं कमी केली असती."

शोधनिबंध एव्हाना स्वीकारला गेला होता. मी तो मागे घेतला. माझ्या कॉलेजातल्या मार्गदर्शकांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पीएच.डी. दीड वर्षानं लांबली. सोबत सुरुवात केलेले दोघं बंगळुरात नोकरीला लागले, त्यांच्या अभिनंदनाचे मेसेज ग्रुपवर येत होते आणि मी आप्पांच्या सतरा चित्रांवर एकेक रेघ हातानं खुणावत बसले होते. काही दिवस मला आप्पांचा राग यायचा. 'किती पाहिजे तितकं घे' असं म्हणाले नसते तर माझं सगळं सुरळीत झालं असतं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

आता जो प्रोग्राम आहे, तो दहाव्या हिश्शाचा दावा करत नाही. चौथ्या हिश्शाच्या खाली जायचं नाही, असं आम्ही लिहून ठेवलंय. जिथं खात्री नाही तिथले कण तो तसेच ठेवतो आणि त्या जागेला पिवळी कडा काढतो, म्हणजे डॉक्टरांनी स्वतः बघावं. चित्र पूर्वीइतकं सुरेख दिसत नाही. आप्पांनंतर आणखी तीन कुटुंबांनी आम्हाला असेच काही तास दिले. त्या चौघांच्या चित्रांवर प्रोग्राम तपासून झाल्यावरच गेल्या पावसाळ्यापासून दवाखान्यात तो चाचणीसाठी लावला आहे. दहाव्या हिश्शापुढं चौथा हिस्सा म्हणजे बचत तशी थोडीच. पण दर सहा महिन्यांनी स्कॅनला येणाऱ्या माणसाला ते थोडं नाही.

हे सगळं झाल्यावर मी वडगावला गेले. अंजनीमावशींना त्यांच्या माणसाच्या चित्रांचं काय झालं ते सांगायचं माझ्याकडे राहिलं होतं. मी दोन्ही चित्रं फिल्मवर काढून नेली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, एक या हातात, एक त्या हातात.

"हे त्यांचं खरं," मी सांगितलं. "आणि हे माझ्या प्रोग्रामनं चुकीचं काढलेलं. ह्यात आजार दिसत नाही. ही चूक त्यांच्यामुळं सापडली, नाहीतर आम्ही तशीच पुढं नेली असती."

"म्हंजे तुझं काम मोडलं त्यांनी."

"हो. मोडलं. मग परत केलं."

त्यांनी खरं चित्र माझ्याकडे परत दिलं. दुसरं धरून ठेवलं. त्या काळ्या, मोकळ्या फुप्फुसांकडे त्या किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. मागच्या खोलीत मंथननं माग सुरू केला होता.

"ह्ये मला दे," त्या म्हणाल्या.

"मावशी, ते खोटं आहे."

"म्हाईत हाय गं. आत्ताच सांगितलीस की." त्यांचा आवाज चढला नाही. "लगीन झालं तवा असंच असणार न्हवं त्यांचं? एका दमात राजहंसगड चढायचे. मला कुठं दावायचं हाय ते. ठेवणार हाय नुसतं."

मी विचारात पडले. असं चित्र कुणाच्या हाती पडू नये, एवढ्यासाठी मी दीड वर्ष घालवलं होतं. पण त्या बाईनं माझ्याकडे दुसरं काहीच कधी मागितलं नव्हतं. मी पर्समधून मार्कर काढला आणि फिल्मच्या कोपऱ्यात मराठीत लिहिलं, "हे चित्र चुकीचे आहे. तपासणीसाठी वापरू नये." खाली तारीख घातली आणि माझी सही केली.

मावशींनी वाचलं. "बरं केलीस," त्या म्हणाल्या. मग फिल्म साडीच्या कोऱ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आणि मला म्हणाल्या, "बस. चहा टाकते. भरमूअण्णा बी यायलेत, तू आल्याचं कळवलंय त्यांना."